सुपरसिलियस म्हणजे काय? गिऱ्हाईक तुमची भुवई वाचतं



आज एकच इंग्रजी शब्द घेणार आहोत. शब्द लांबलचक आहे, उच्चारायला अवघड आहे आणि रोजच्या धंद्यात तो तुम्हाला कधी बोलावाही लागणार नाही. पण त्या शब्दात जे सांगितलंय ते तुमच्या काउंटरवर, होमस्टेच्या ओट्यावर आणि फोनवर रोज घडत असतं. शब्द आहे ‘सुपरसिलियस’. समोरच्याला आपल्यापेक्षा खालचा समजणारा, आणि ते तोंडाने न बोलता चेहऱ्याने, आवाजाने दाखवणारा, असा त्याचा अर्थ.

व्हिडिओत असा शब्द दोन मिनिटांत उरकावा लागतो. इथे जरा निवांत बघू. उदाहरणं भोर आणि वेल्ह्याकडची घेतो. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण लोकांच्या तोंडी वेल्हंच आहे, म्हणून मीही तेच म्हणतो. हा भाग घ्यायचं कारण साधं आहे. पुण्यात लक्ष्मी रोडवर एक गिऱ्हाईक रागावून गेलं तर पाठोपाठ दुसरं येतं. भोरच्या बाजारपेठेतून गेलेलं गिऱ्हाईक एसटीत बसतं, निगुडघरला नाहीतर हिर्डोशीला उतरतं आणि रात्री अख्ख्या वाडीला सांगतं. छोट्या बाजारात तुच्छतेची किंमत जास्त मोजावी लागते.

शब्द आला कुठून?

लॅटिन भाषेत ‘सुपर’ म्हणजे वर आणि ‘सिलियम’ म्हणजे पापणी. पापणीच्या वरची ती ‘सुपरसिलियम’, म्हणजे भुवई. डोळ्यांच्या वरच्या हाडाच्या उंचवट्याला डॉक्टर आजही ‘सुपरसिलियरी आर्च’ म्हणतात. लॅटिनमध्येच भुवईच्या या शब्दाला ‘ताठा’ असा दुसरा अर्थ चिकटला होता, कारण ताठा असलेला माणूस बोलायच्या आधी भुवई वर चढवतो. इंग्रजीने तो अर्थ उचलला.

आता वापर कसा होतो ते बघा. इंग्रजीत हा शब्द हसू, नजर, सूर, वागणं यांना लागतो. सुपरसिलियस स्माइल म्हणजे ‘तुला काय कळतंय’ असं सांगणारं हसू. सुपरसिलियस वेटर म्हणजे मेन्यूकार्डातला सगळ्यात स्वस्त पदार्थ मागवल्यावर ‘बरं’ असं लांबवून म्हणणारा वेटर. गंमत म्हणजे इंग्रजीत उंटालाही हा शब्द लावतात. मान वर, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ वाकडे, आणि सगळं जग खाली. उंट बिचारा तसा नसतो, त्याचा चेहराच तसा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणखी एक. ‘मी सुपरसिलियस आहे’ असं कोणी स्वतःबद्दल म्हणत नाही. माणूस स्वतःला कडक म्हणवून घेईल, स्पष्टवक्ता म्हणेल, ‘आपल्याला फालतूपणा चालत नाही’ म्हणेल. सुपरसिलियस हा शब्द कायम दुसऱ्याने दिलेला असतो. तुम्ही तसे आहात की नाहीत याचा निकाल समोरचा देतो आणि तो तुम्हाला कळवत नाही. फक्त परत येत नाही.

मराठीत भुवई नाही, नाक आहे

मराठीत भुवई उंचावली तर ते आश्चर्य असतं. तुच्छतेसाठी आपण नाकाकडे जातो. नाक मुरडणं, नाकाने कांदे सोलणं. शिवाय तोरा, ताठा, मिजास, आढ्यता, आणि सगळ्यांच्या तोंडी असलेला माज. ‘कस्पटासमान लेखणं’ आहे, ‘खिजगणतीत नसणं’ आहे. शब्दांची कमतरता आपल्याकडे अजिबात नाही. ज्या गोष्टीचा त्रास जास्त, तिच्यासाठी भाषेत शब्दही जास्त.

पण सगळ्यात शिकण्यासारखा शब्द म्हणजे ‘शिष्ट’. मूळ संस्कृतात शिष्ट म्हणजे शिकलेला, वळण लागलेला, सुसंस्कृत. त्यावरूनच शिष्टाचार आला, शिष्टमंडळ आलं. आणि बोलताना आपण काय म्हणतो? ‘फार शिष्ट आहे हो ती.’ म्हणजे आखडू. शिकलेपणासाठीचा शब्द वापरून वापरून आखडूपणासाठी झाला. लोकांनी उगाच नाही केला. शिकलेली, चार पैसे मिळवलेली माणसं कशी वागतात ते पिढ्यान्‌पिढ्या बघून केला.

तुम्ही नवीन उद्योजक आहात. कोर्स केलात, ब्रँड केलात, लोगो केलात, व्हिजिटिंग कार्ड छापलंत. शिष्टाचाराकडून शिष्टपणाकडे जायची वाट इथूनच सुरू होते.

शेजारच्या शब्दांपासून वेगळा काढा

बरेच जण हे सगळे शब्द एकाच पिशवीत टाकतात आणि मग घाबरून स्वाभिमानही सोडतात. तसं करू नका.

प्राउड: मला माझ्या मालाचा अभिमान आहे. ‘हा इंद्रायणी आमच्याच खाचरातला, पॉलिश कमी केलेला.’ यात समोरचा खाली जात नाही. हे हवंच.

कॉन्फिडन्ट: मला माझं काम येतं. भाव विचारला की मी चाचरत नाही. हेही हवं.

ॲरोगंट: माझ्यासारखा कोणी नाही. हे वाईट, पण यात माणूस स्वतःच्याच कौतुकात असतो. समोर कोणी नसलं तरी तो ॲरोगंट राहू शकतो.

कंडिसेंडिंग: गोड बोलून, पायरी उतरून आल्यासारखं समजावणं. ‘असू दे आजी, तुम्हाला नाही जमायचं ते मोबाइलचं.’ माया आहे असं वाटतं, पण टोचतं.

सुपरसिलियस: याला मात्र समोर कोणीतरी लागतंच, आणि तो खालचा असावा लागतो. समोरच्याच्या चपला, पिशवी, बोली, आडनाव, गाडी बघून भुवई किती वर न्यायची ते ठरतं.

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नियम सगळ्यांना सारखा असतो. तुच्छता माणूस बघून बदलते.

पुणेरी पाटीचं काय मग?

हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. ‘सर, पुण्यातले दुकानदार तर तोऱ्यासाठीच प्रसिद्ध, आणि त्यांचे धंदे तर जोरात चालतात!’ ‘आमची कोठेही शाखा नाही’, ‘चौकशी करू नये’, ‘दुपारी एक ते चार बंद’. या पाट्यांवर अख्खा महाराष्ट्र हसत आलाय.

चितळे बंधूंचं उदाहरण घ्या. भिलवडीला १९३९ मध्ये दुधाच्या धंद्यापासून सुरुवात, पुण्यात १९५० मध्ये मिठाईचं दुकान. दुपारी एक ते चार दुकान बंद, यावर किती विनोद झाले असतील त्याची गणती नाही. पण नीट बघा. एक ते चार ही वेळ पाटीवर लिहिलेली होती. ती मर्सिडीजमधून आलेल्याला आणि सायकलवरून आलेल्याला एकच होती. रांग एकच, भाव एकच, वजन चोख. हा कडक नियम झाला, तुच्छता नव्हे. बाकरवडी घ्यायला आलेल्याला ‘तू कोण’ असं कोणी विचारलं नाही, म्हणून लोक हसत हसत रांगेत उभे राहिले. आणि त्यांनीसुद्धा २०१७ मध्ये ती दुपारची सुट्टी बंद करून दुकान दिवसभर उघडं ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाची सवय बदलली, तसं दुकान बदललं.

आता आपल्याकडे काय होतं? भोरचा किंवा वेल्ह्याचा एखादा नवा दुकानदार पुणेरी पाटीतला तोरा उचलतो, पण त्यामागची साठ-सत्तर वर्षांची चव आणि सचोटी त्याच्याकडे अजून आलेली नसते. नुसता तोरा शिल्लक राहतो. तो कोणी विकत घेत नाही.

भोर-वेल्ह्यात ही भुवई कुठे दिसते?

पहिली जागा: काउंटर. जुलै महिना आहे. भातलावणी चालू आहे. पायाला चिखलणीचा चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, अशी एक बाई विंझरच्या बाजूने येते आणि तुमच्या दुकानात पाव किलो साखर मागते. तुमच्या तोंडून एकच शब्द जातो, ‘एवढंच?’ शब्द चार अक्षरी आहे. वाईट अजिबात नाही. पण सुरात ती भुवई आहे. तिने ऐकलं ते असं: ‘एवढ्यासाठी माझी फरशी घाण केलीस?’

दुसरी जागा: ‘अरे’ आणि ‘अहो’. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, म्हणून त्यांना भुवईकडे बघावं लागतं. मराठीत भुवईची गरजच नाही, आपलं व्याकरण पुरेसं आहे. कातकरी वाडीवरची किंवा धनगर वस्तीवरची साठ वर्षांची बाई आली की ‘ए, काय पाहिजे गं?’ आणि तिच्या मागोमाग गाडीतून उतरलेल्या वीस वर्षांच्या पोराला ‘या साहेब, बसा!’ दोन वाक्यांत तुम्ही दोघांची जागा ठरवून टाकली, आणि दुकानातल्या बाकीच्या चार माणसांनी ते ऐकलं.

इथे गैरसमज नको. आपल्या मावळात ‘तू’मध्ये माया असते. ‘आजे, ये, बस, काय देऊ?’ यात कमीपणा नाही. अडचण ‘तू’ची नाही, निवडीची आहे. कोणाला ‘आजी, मावशी, तात्या’ मिळतं आणि कोणाला नुसतं ‘ए’ मिळतं, याची यादी करून बघा. त्या यादीत जात आणि आडनाव डोकावतं का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. धंद्याच्या फायद्यासाठी बदला असं मी म्हणणार नाही, कारण हा आधी माणुसकीचा मुद्दा आहे. फायदा मागून येतोच.

तिसरी जागा: गडाखालची घरं. राजगड ही रायगडाच्या आधीची स्वराज्याची राजधानी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यांत तो आहे. गुंजवण्याला, पालीला आणि तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला अनेक तरुण-तरुणी घरगुती जेवण आणि मुक्कामाची सोय करतायत, पुढे आणखीही करतील. पुण्यामुंबईचा पाहुणा फोन करतो आणि विचारतो, ‘टॉयलेट वेस्टर्न आहे का? नेटवर्क येतं का?’ तुमच्याकडून उत्तर जातं, ‘गडावर यायचंय का हॉटेलात?’ मित्रमंडळींत हे सांगितलं की हशा येतो. पण त्या पाहुण्याच्या आईचे गुडघे दुखत असतील, तिला खाली बसता येत नसेल. तुम्ही एक बुकिंग विनोदावर घालवलंत.

गावाकडचा माणूस शहरातल्याला तुच्छ लेखू शकत नाही असं समजू नका. ‘यांना काय कळतंय गड म्हणजे काय’ हीसुद्धा वर गेलेली भुवईच आहे.

चौथी जागा: तुमचा मोबाइल. व्हॉट्सॲपवर कोणी भाव विचारला आणि तुम्ही फक्त ‘कॅटलॉग बघा’ एवढंच टाकलंत. किंवा रोख घेऊन आलेल्या बाबांना ‘ऑनलाइन नाही का तुमच्याकडे?’ म्हणत सुट्ट्यांसाठी तोंड वाकडं केलंत. भुवई टाइप करूनही दिसते.

पाचवी जागा, आणि ही खास आपल्या लोकांची. रीलमध्ये कोणीतरी ओरडून सांगतं की नोकरी म्हणजे गुलामी, नोकरी करणारे मेंढरं. ऐकायला भारी वाटतं. पण भोरहून पहाटे खेड शिवापूरला किंवा शिरवळच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा माणूस महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणतो आणि त्याच पगारातून तुमच्या दुकानात खर्च करतो. ज्याच्या पगारावर आपला गल्ला चालतो, त्यालाच हसायचं?

आकडा मांडून बघा

समजा, तुमचं किराणा दुकान आहे. एका घराचा महिन्याचा किराणा २,५०० रुपयांचा. वर्षाचा ३०,००० रुपये. त्या ‘एवढंच?’ने एक बाई दुखावली. तिने नळावर, शेतावर, बचत गटात सांगितलं. वाडीतली पाच घरं दुसऱ्या दुकानात जायला लागली. वर्षाची विक्री १,५०,००० रुपयांनी कमी. दहा टक्के नफा धरला तर १५,००० रुपये गेले, एका शब्दापायी. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमचे वेगळे असतील. तुमच्या वहीतले आकडे घालून हेच गणित करा. आणि लक्षात घ्या, वहीत असा कुठलाच रकाना नसतो ज्यात लिहिलेलं असेल, ‘ही घरं का गेली’.

एका विनोदाने बुडालेला माणूस

जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंग्लंडचं आहे. जेराल्ड रॅटनर नावाचा उद्योजक. वडिलांच्या दागिन्यांच्या व्यवसायाची त्याने प्रचंड मोठी साखळी केली. शेकडो दुकानं. माल स्वस्त, कामगार वर्गाला परवडणारा. ज्यांना सोनाराच्या दुकानात शिरायला भीती वाटायची ते लोक त्याच्याकडे बिनधास्त जायचे.

२३ एप्रिल १९९१ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बड्या उद्योजकांसमोर त्याचं भाषण होतं. टाळ्या मिळवण्यासाठी त्याने स्वतःच्याच मालाची टर उडवली. आपली एक वस्तू इतकी स्वस्त का, तर ती अगदीच टाकाऊ आहे म्हणून, अशा अर्थाचं तो बोलला. कानातल्यांची तुलना त्याने सँडविचशी केली, आणि सँडविच जास्त टिकेल असं सुचवलं. सभागृह हसलं. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत आलं. कंपनीची बाजारातली किंमत सुमारे ५० कोटी पौंडांनी घसरली. पुढच्या वर्षी त्याला स्वतःचीच कंपनी सोडावी लागली. त्यानंतर कंपनीने रॅटनर हे नावच काढून टाकलं आणि ‘सिग्नेट’ हे नाव घेतलं. इंग्रजीत आजही कोणी बोलून स्वतःचा धंदा बुडवला की ‘रॅटनर केलं’ असं म्हणतात.

आता विचार करा. गिऱ्हाइकांना माल स्वस्त आहे हे माहीत नव्हतं का? होतं. तो माल आदल्या दिवशीही तोच होता. मग बदललं काय? नवऱ्याने पगारातून वाचवून बायकोला कानातलं घेतलं होतं. ते घेताना दुकानाचा मालक मनात आपल्याला हसत होता, हे त्यांना कळलं. स्वस्त माल लोक माफ करतात. स्वस्त माणूस समजलेलं माफ करत नाहीत.

म्हणून दुकान बंद झाल्यावर, मित्रांत, स्टेटसवर गिऱ्हाइकाची नक्कल करायची सवय असेल तर आजच थांबवा. अल्बर्ट हॉल आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

आणि भुवई तुमच्यावर उचलली गेली तर?

हा भाग माझ्या मते सगळ्यात गरजेचा. कारण तुम्ही छोटे आहात, नवीन आहात, आणि ‘भोरहून आलात? बरं…’ हा ‘बरं’ तुम्ही ऐकणार आहात. पुण्यातल्या डिस्ट्रिब्युटरकडे, मॉलच्या खरेदी खात्यात, कर्जाच्या टेबलासमोर.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट ठाऊक असेल. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवायचे. बढतीची त्यांची पाळी असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम येत होतं, पण माणूस ‘आपल्यातला’ नव्हता. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबरच्या सायकलच्या दुकानात लक्ष घातलं. पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानात मिळालेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या भोरसारखंच ते एक छोटं संस्थान.

यातला पुढचा भाग लोक सांगायला विसरतात. लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हता. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी त्याची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात. इथे विचार करा. मुंबईत ज्याला डावललं गेलं, त्याच माणसासमोर आता त्याच्यापेक्षा कमी शिकलेला शेतकरी उभा होता आणि चुकीचं बोलत होता. भुवई वर जायला यापेक्षा चांगली संधी कुठली? पण शेतकऱ्याला अडाणी म्हणून नांगर खपत नाही. तो त्याच्याच रानात चालवून दाखवावा लागतो आणि पीक येईपर्यंत थांबावं लागतं. महाराष्ट्रात लोखंडी नांगर रुजला तो असाच, थांबण्यातून.

वरून आलेली तुच्छता खाली ढकलायची नाही. आपल्याकडे नेमकं तेच होतं. पुण्यात अपमान गिळून आलेला माणूस संध्याकाळी भोरच्या स्टँडवर हमालावर ओरडतो.

समोरचा भुवई उंचावतो तेव्हा काय करायचं? तीन गोष्टी.

एक, त्याच्या चेहऱ्याला उत्तर देऊ नका, कामाचा प्रश्न विचारा. ‘कमीत कमी ऑर्डर किती लागते? पेमेंट किती दिवसांनी? माल परत आला तर वाहतूक कोणाची?’ आकड्यांचे प्रश्न आले की भुवई आपोआप खाली येते, कारण उत्तर द्यावं लागतं.

दोन, त्याच्यासमोर वहीत लिहून घ्या. लिहून घेणाऱ्या माणसाला उडवून लावणं अवघड जातं.

तीन, अपमान आणि माहिती वेगळी करा. ‘तुमचं पॅकिंग फारच गावठी आहे’ यात ‘गावठी’ हा अपमान आहे, पण पॅकिंग खरंच गळत असेल तर ती माहिती आहे. अपमान तिथेच टाका, माहिती घरी आणा.

नकार द्या, पण माणूस राखून

बरेच जण म्हणतात, ‘सर, मग सगळ्यांचं सगळं ऐकायचं का? उधारी द्यायची का? भाव पाडायचा का?’ अजिबात नाही. पायघड्या घालणं आणि तुच्छ लेखणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे, आणि चांगला धंदा त्याच जागेत होतो. नियम कडक ठेवा, सूर मऊ ठेवा. काही वाक्यं बदलून बघू.

‘उधार बंद. पाटी वाचता येत नाही का?’ याऐवजी: ‘तात्या, उधारी कोणालाच देत नाही, सगळ्यांना एकच नियम आहे. आज लागतं तेवढं न्या, बाकीचं बाजूला काढून ठेवतो.’ उधारी दोन्हीकडे बंदच आहे. पण पहिल्या वाक्यात कदाचित वाचता न येणाऱ्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलंय.

‘परवडत नसेल तर राहू द्या’ याऐवजी: ‘हा भाव सडाई आणि पॅकिंग धरून आहे. पाच किलोऐवजी दोन किलो बांधू का? चव बघा आधी.’

‘ते तुमच्या बजेटमध्ये नाही बसणार’ याऐवजी: तिन्ही भावांच्या वस्तू समोर ठेवा, किंमत सांगा आणि गप्प राहा. बजेट त्याचं आहे, ते त्याला ठरवू द्या.

‘तुम्हाला नाही कळणार ते’ याऐवजी: ‘दोन मिनिटं द्या, चालू करून दाखवतो.’

‘एवढंच?’ याऐवजी: ‘अजून काही आठवतंय का?’ इथेही प्रश्न जास्त खरेदीचाच आहे. पण पहिला माणसाला मोजतो, दुसरा यादीला मोजतो.

‘पिठलं-भाकरीचे एवढे?’ असं पाहुण्याने विचारलं, तर ‘पुण्यात दीडशेला सँडविच खाता तेव्हा नाही विचारत’ असं म्हणू नका. म्हणा, ‘चुलीवरचं आहे, भाकरी गरम येईल, हवी तेवढी घ्या. भाव तोच आहे.’ भाव एक रुपयाही उतरला नाही. अभिमान शाबूत, भुवई जागेवर.

उंटाचा चेहरा असेल तर?

मघाशी उंटाचं लक्षात ठेवा म्हटलं होतं. काहींच्या मनात काही नसतं, पण चेहराच तसा असतो. कपाळाला आठ्या, आवाज तुटक. काही जण लाजरे असतात, नजर मिळवत नाहीत, आणि लोकांना वाटतं शिष्ट आहे. विशेषतः पहिल्यांदाच गल्ल्यावर बसलेल्या मुलींना हे फार ऐकावं लागतं. तुमचं असं असेल तर स्वभाव बदलायची गरज नाही. एकच सवय लावा: हातातलं काम न सोडता मान वर करून पहिलं वाक्य तुम्ही बोला. ‘या मावशी, आलेच.’ ज्याची दखल घेतली गेली, तो पुढची पाच मिनिटं तुमच्या आठ्यांकडे बघत नाही.

दुकानात माणूस ठेवला असेल तर तोही यात आला. मालक गोड आणि पोऱ्या शिष्ट, असं चालत नाही. आणि पोऱ्या बहुतेक वेळा मालकाकडूनच शिकतो. तुम्ही त्याला ‘ए’ म्हणून हाक मारत असाल तर तो गिऱ्हाइकाला काय म्हणेल?

या आठवड्याचं काम

सात दिवस एक छोटी वही गल्ल्याजवळ ठेवा. रोज रात्री तीन गोष्टी लिहा.

१. आज कोणाला मी नावाने किंवा नात्याने हाक मारली आणि कोणाला नुसतं ‘काय पाहिजे’ म्हटलं?

२. आज कोणाला नकार दिला आणि कोणत्या शब्दांत दिला? वाक्य जसंच्या तसं लिहा.

३. नेहमी येणारं कोणतं गिऱ्हाईक महिनाभर दिसलं नाही?

तिसऱ्या प्रश्नाची नावं आठवड्याच्या शेवटी एकदा नीट वाचा. त्यातल्या एकाला भेटा, स्टँडवर, देवळात, शेताच्या बांधावर, कुठेही. ‘का येत नाही?’ असं विचारू नका, तो हिशोब मागितल्यासारखं होतं. ‘बरेच दिवसांत दिसला नाहीत, बरं आहे ना सगळं?’ एवढंच विचारा आणि मग ऐका. जे ऐकायला मिळेल त्यावर लगेच सफाई देऊ नका. कदाचित तो आजारी असेल, कदाचित लावणीत अडकला असेल, कदाचित तुमच्या एका ‘एवढंच?’ची आठवण त्याच्याकडे अजून असेल.

सुपरसिलियस हा शब्द विसरलात तरी चालेल. पुढच्या वेळी दार उघडून कोणी आत आलं, की आपल्या कपाळाकडे लक्ष द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, माणसं राखा!